अकरा हजार फुटांची सुगी

आमच्या घरात ‘एक’ हा आकडा चालत नाही. औषधाच्या गोळ्या मोजायच्या असल्या तरी मी लाभ, दोन, तीन अशाच मोजतो. जिना चढतानाही तेच. सूनबाई नवी होती तेव्हा बावरली, तिला वाटलं सासऱ्यांचं काही बिनसलंय. आता तिची मुलगी बाहुल्या मोजताना लाभापासून सुरुवात करते आणि शाळेत बाईंची बोलणी खाऊन येते. मी तिला सांगून ठेवलंय, बाईंसमोर एक म्हण, घरी लाभ म्हण.

आज सकाळी गावाकडून ज्वारीचं पोतं आलं. हुसेनचाचांचा नातू दरवर्षी शिमग्याच्या आसपास पाठवतो. पोत्याची शिवण उसवली की आधी वास येतो, तापलेल्या कडब्याचा आणि थोडा मातीचा. मी कोपरापर्यंत हात घालतो आणि तसाच बसून राहतो. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एक म्हातारा पोत्यात हात घालून बसलाय, हे दृश्य बघणाऱ्याला वेडगळ वाटत असणार. वाटू दे. या वयात वेडगळ दिसायचं नाही तर कधी दिसायचं?

ती सगळी सुगी त्या पोत्यात असते. आमच्याकडं शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी झाली, कणसं खळ्यावर आली, की त्या दिवसांना सुगी म्हणतात. माघ सरत आलेला असतो, सकाळी अजून कांबळं लागतं आणि दुपारी अंगातली बंडी नको होते. सगळं गाव रानात असतं आणि गावात फक्त कुत्री. मला आठवते ती सुगी लढाईच्या वर्षांतली. त्या सुगीनं मला धंदा शिकवला, नाहीतर मी आयुष्यभर नकला काढत बसलो असतो.

मी तेव्हा पुण्यात एका फिल्म कंपनीत मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे गोष्ट आणि संवाद लिहिणारा. ‘पटकथालेखक’ हा भारदस्त शब्द अंगावर चढायला अजून बरीच वर्षं होती. त्याआधी राहुरीला शाळामास्तर होतो. मेळ्यांसाठी पदं लिहायचो, नाटुकली लिहायचो आणि अक्षर बरं होतं. कंपनीनं घेतलं ते अक्षरावर, दुसऱ्यांचे संवाद नटांसाठी नकलून काढायला. चार वर्षं नकला काढल्या तेव्हा कुठं माझी स्वतःची गोष्ट मंजूर झाली. दोन भावांची गोष्ट होती. बांधावरून वैर, आणि शेवटी देवळाच्या ओट्यावर, चांदण्यात दोघांचा समेट. त्या समेटाचे संवाद फुलस्केप सात पानं. ती पानं मी कंपनीत वाचून दाखवली तेव्हा रंगपटातले एक म्हातारे गृहस्थ ढसाढसा रडले होते. त्यांना मोतीबिंदू होता आणि डोळ्यांतून एरवीही पाणी यायचं, हे मला नंतर कळलं.

आणि तेवढ्यात सरकारचा हुकूम आला. लढाईमुळं परदेशातून कच्ची फिल्म येईना, तेव्हा कुठलंही चित्र अकरा हजार फुटांपेक्षा लांब करायचं नाही. माझी गोष्ट सोळा हजार फूट भरत होती. दिग्दर्शकसाहेबांनी मला बोलावलं, पानांचा गठ्ठा हातात तोलला आणि म्हणाले, शिमग्याच्या आत अकरा हजारांवर आणा, नाहीतर दुसऱ्या मुन्शींकडं देऊ. आणि मग पडद्यावर नाव त्यांचं जाईल. हे सांगताना ते पान लावत होते. माझं कपाळ त्यांच्या पानाच्या डब्याएवढंही महत्त्वाचं नव्हतं.

पुण्यात कात्री चालेना. जो तो सल्ला देई आणि प्रत्येकाची कात्री वेगळ्या जागी. मग मी रजा काढली, कागद, जुन्या वह्या, दोन शब्दकोश असलं सगळं पत्र्याच्या ट्रंकेत भरलं आणि तात्यांना कार्ड टाकलं की वांबोरी स्टेशनवर गाडी घेऊन या, सामान जड आहे. तात्या म्हणजे माझे वडील. आमचं गाव सोनईच्या अलीकडं, स्टेशनपासून बैलगाडीनं चांगला अर्धा दिवस.

आता इथं सावड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच झाला. ज्याच्याकडं एकच बैल आहे त्याचं औत चालत नाही. मग असे दोघे एकत्र येतात, एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक, बैलांची जोडी होते आणि दोन्ही घरची रानं पिकतात. तात्यांचा पाखऱ्या आणि हुसेनचाचांचा हरण्या. ही सावड माझ्या जन्माआधीपासूनची, बैल बदलत गेले पण माणसं तीच. खळंही दोघांत एकच. आधी एकाची मळणी, मग दुसऱ्याची. तंबाखूची चंचीसुद्धा दोघांत एक होती.

तर त्या दिवशी चाचा नगरला गेले होते आणि तात्यांनी न विचारता हरण्याला गाडीला जुंपलं. येताना ओढ्याच्या उतारावर, माझ्या त्या ट्रंकेच्या वजनानं, गाडी एकदम पुढं रेटली आणि हरण्याचा पुढचा पाय दगडांत अडकून मुरगळला. आम्ही ट्रंक उतरवली, तात्यांनी आणि मी आलटून पालटून ती डोक्यावर घेतली आणि लंगडणाऱ्या बैलामागं चालत गावात आलो. चाचा परत आले, वाकून बैलाचा पाय चाचपला आणि एवढंच म्हणाले, “इचारायचं तरी हुतं, तात्या.”

तात्या म्हणाले, “सावडीत काय इचारायचं?”

झालं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. मजा अशी की दोन्ही वाक्यं खरी होती. चाचांचं बरोबर होतं आणि तात्यांचंही चुकलं नव्हतं. मी पुढं पंचवीस-तीस चित्रं लिहिली, पण दोन खऱ्या वाक्यांचं इतकं सरळ भांडण मला कधी साधलं नाही. माझ्या गोष्टीतल्या दोन भावांमध्ये एकजण दुष्ट होता, कारण त्याशिवाय भांडण कसं लावायचं हे मला ठाऊकच नव्हतं.

गावात लगेच कुजबुज सुरू झाली की सावड मोडणार. मोडली असती तर दोन्ही घरं बसली असती. एका बैलावर पेरणी होत नाही, आणि म्हातारपणी नवा सावडकरी मिळत नाही. आई रोज एकदा माझ्या ट्रंकेकडं अशी बघे की ट्रंकेलाच लाज वाटावी.  मलाच राहवेना. हे माझ्यामुळं झालंय, हे मला ताटावर बसलो तरी टोचत होतं.

रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं दिवस मावळला की लिहिणं बंद. उजेड होता तोवर मी खळ्याच्या कडेला, बाभळीखाली, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून बसायचो. समोर मळणी चालू. हरण्या दावणीला बांधलेला म्हणून आमच्या पाखऱ्याच्या जोडीला घरची गाय बांधून तात्या तिवड्याभोवती फेरे घालत होते. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध पुरलेला खांब. गायीला हे काम पसंत नव्हतं, ती दर चार फेऱ्यांनी थांबून सगळ्यांकडं तक्रारीनं बघे. पलीकडं चाचा स्वतःच्या कणसांचा ढीग लावत असत. दोघं दिवसभर एका खळ्यावर, दहा हातांवर, आणि अवाक्षर नाही. चंची मात्र वाटून घेतली नव्हती. ती एका दगडावर ठेवलेली असायची, आधी एकजण उठून चिमूट घेई, तो जागेवर जाऊन बसला की दुसरा उठे.

मी कापत होतो. आधी दोन गाणी गेली, मग एक विनोदी स्वयंपाकी गेला, मग नायिकेची मावशी आख्खी गेली, तिच्या नवऱ्यासकट. उफणणी सुरू झाली तेव्हा तात्या वावडीवर, म्हणजे त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर उभे राहून सुपातून धार सोडत. वाऱ्यानं भूस उडून पुढं पडे आणि दाणा सरळ पायाशी. आता ही उपमा मला सुचली नसेल का? कुणालाही सुचेल. माझी गोची अशी होती की मला माझं सगळंच दाणा वाटत होतं. तरी पण दहा-बारा दिवसांत बारा हजारांपर्यंत आणलं. उरले हजार फूट. आणि त्या सात पानांचे अंदाजे अकरा-साडेअकराशे फूट भरत होते. मी सगळीकडं हात घातला, फक्त तिथं घातला नाही. तिथं कात्री लावण्यापेक्षा दुसऱ्या मुन्शीला नाव गेलेलं परवडलं, असंही एकदा मनात आलं.

एका दुपारी आईला वाचून दाखवलं. ती कणसं खुडत ऐकत होती. मावशी कापल्याचं तिला वाईट वाटलं, दुष्ट भावाला तिनं दोन शिव्या हासडल्या, म्हणजे गोष्ट तिला लागली होती. मग मी ती सात पानं वाचली, आवाज चढवून, जिथं गहिवर हवा तिथं गहिवरून. संपल्यावर तिनं आणखी एक कणीस खुडलं. मग म्हणाली, “येवढं बोलाया लागलं, म्हंजी भांडन मिटलंच न्हाई म्हनायचं.”

मी चिडलो. तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं. आज हे आठवतानाही कान तापतात. जिनं मला बोलायला शिकवलं तिलाच मी विचारत होतो, तुला बोलण्यातलं काय कळतं.

पण माझी खरी फजिती पुढंच आहे. मी विचार केला, अरे, आपण संवाद लिहून पोट भरतो. पडद्यावरच्या वैऱ्यांना एक करतो, मग या दोन म्हाताऱ्यांना एक करणं काय अवघड? दोघांनाही बोलायचंय, शब्द सापडत नाहीत एवढंच. ते आपण पुरवू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांच्या घरी गेलो. ते हरण्याच्या पायाला हळदीचा लेप लावत होते. मी खाली बसलो आणि अगदी सहज सांगितल्यासारखं म्हणालो की तात्या काल म्हणत होते, हुसेनशिवाय माझं खळं म्हणजे दिव्याशिवाय देव्हारा.

चाचांचा हात थांबला. “तात्या असं म्हनला?”

“हो.”

“त्याला ताप आलाय का?”

मी काहीतरी पुटपुटलो आणि उठलो. तासाभरात चाची आमच्या दारात हजर. हातात पितळी तांब्या, त्यात आल्याचा आणि गवती चहाचा काढा. तात्या ओसरीवर दोर वळत बसले होते. चाचीनं विचारलं, ताप कधीपासून आहे. तात्यांनी विचारलं, कुणाला. चाची साधी बाई, तिनं सगळं सांगून टाकलं, देव्हाऱ्यासकट. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि आत निघून गेली. तात्यांनी काढा घेतला, तांब्या परत केला, चाची गेली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तात्या रागावले की आवाज चढत नसे, उलट खाली जाई.

“पडद्यावरल्या मानसांच्या तोंडात काय घालायचं ती घाल,” ते म्हणाले. “माझ्या तोंडात तुझं बोलनं घालू नको.”

ते मला आयुष्यात एवढं कठोर कधी बोलले नव्हते. मी ओढ्यापर्यंत चालत गेलो आणि तिथं बसून राहिलो. गंमत म्हणजे रडू येत असताना डोक्यात हेही चाललं होतं की हे वाक्य कुणाच्या तोंडी घालता येईल. मुन्शी ही जात अशीच असते. घरात आग लागली तरी आधी शब्द गोळा करील.

परवा एका शिबिरात मला मुलांना पटकथा शिकवायला बोलावलं होतं. हुशार मुलं, भराभर लिहून घेत होती. एकीनं विचारलं, संवाद केव्हा लिहायचा. मी म्हटलं, माणूस अगदीच निरुपाय होऊन बोलतो तेव्हा. तिनं तेही लिहून घेतलं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, आल्याच्या काढ्यातून कळलंय, हे काही मी तिला सांगितलं नाही.

त्या काढ्यानंतर दोन दिवसांनी आमची रास तयार झाली. सारवलेल्या खळ्यावर मधोमध दाण्यांचा ढीग, भोवती राखेची रेघ, वर एक कणीस खोवलेलं. राशीचा रिवाज असा की मापाला बसल्यावर कुणी बोलायचं नाही. मापाचा आकडा तेवढा उच्चारायचा, बाकी सगळं मुकं. बोललं की बरकत जाते. आणि पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आमच्या आणि चाचांच्या घरांत आणखी एक रिवाज होता. आपली रास आपल्या हातानं मापायची नाही. आमच्या राशीला अधोली, म्हणजे ते लाकडी माप, चाचा भरणार आणि तात्या लाभ म्हणणार. चाचांच्या राशीला तात्या भरणार, चाचा म्हणणार. दोघांच्या बापांनी कधीतरी ठरवलेलं असेल. कुणी विचारलं नव्हतं, कुणी मोडलंही नव्हतं.

आणि नेमके त्या दिवशी सकाळी चाचा हरण्याला घेऊन निघून गेले. ज्यानं बघितलं त्यानं सांगितलं की घोडेगावच्या वाटेनं गेले. घोडेगावला बैलांचा बाजार भरतो. आई मटकन बसली. बैल विकला म्हणजे सावड संपली, यात सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. तात्यांनी ऐकलं आणि खळं पुन्हा एकदा झाडून काढलं. ते आधीच स्वच्छ होतं.

दुपार कलली. तात्या राशीपाशी अधोली ठेवून बसले. मी म्हटलं, मी जाऊन बघू का. त्यांनी नुसतं बघितलं, मी बसलो. आईनं एकदा सुचवलं की शेजारच्या मळ्यातल्या कुणालातरी मापाला बसवू, दिवस मावळायच्या आत व्हायला हवं. तात्यांनी मान हलवली. नाही. बाभळीची सावली लांब होत होत राशीला टेकली. ज्वारीचा रंग त्या उन्हात असा पिवळसर झाला होता की बघवत नव्हतं. मी त्या दिवशी देवाला साकडं घातलं, माझं नाव जाऊ दे, चित्र जाऊ दे, पण चाचा येऊ दे. आणि मी ते मनापासून म्हणत होतो, याचं मलाच नवल वाटलं.

आधी आवाज आला. खडकाळ वाटेवर लोखंडाचा, खट्, खट्, ठाम, चारही पायांचा सारखा. आई उभी राहिली. मग कडब्याच्या गंजीमागून चाचा आले आणि मागं हरण्या, न लंगडता. त्याच्या खुरांना नव्या कोऱ्या पत्र्या मारलेल्या होत्या. चाचा घोडेगावला गेले होते ते नालबंदाकडं. औताला चालायचं तर पाय धड हवा, म्हणून बैलाला पत्र्या मारून आणल्या होत्या. हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

खळ्याच्या कडेला चाचांनी पायताण काढलं आणि थांबले. तात्या उठले. राशीला वाकले, दोन्ही हातांनी ओंजळ भरली. राशीतला पहिला पसा देवाचा, तो काढून ठेवायचा असतो. तात्यांनी तो घेतला, राखेची रेघ ओलांडली, हरण्याच्या तोंडापुढं ओंजळ धरली आणि बैल खाऊन संपवेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. त्यांच्या हातांना लाळ लागली होती, ती त्यांनी धोतराला पुसली.

चाचांनी दावं तिवड्याला अडकवलं. बाह्या वर सारल्या. राशीपाशी आपल्या नेहमीच्या जागी बसले, अधोली भरली, हातानं सपाट केली आणि वर उचलून तशीच धरली. ओतली नाही. तात्यांकडं बघितलं.

“लाभ,” तात्या म्हणाले. 

अधोली पोत्यात रिकामी झाली. मग दोन, मग तीन. मी तोंडात मूठ धरून उभा होतो, कारण राशीवर हुंदकाही चालत नसावा असं मला वाटलं. आणि माझं ते चोंबडं मन फूट मोजत होतं. बैलापुढं धरलेल्या ओंजळीपासून लाभापर्यंत, फार तर दीड मिनिट. सव्वाशे, दीडशे फूट. सात पानांतलं एकही वाक्य कुणी बोललं नव्हतं आणि एकही राहून गेलं नव्हतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी देवळाचा ओटा काढला, चांदणं काढलं, सात पानं काढली. भावांना खळ्यावर आणून बसवलं. चौदा ओळींचा प्रसंग झाला, त्यात बोलायचा शब्द एक. ती सात पानं आईनं चुलीत घातली नाहीत, तिच्या जिवावर आलं. तिनं त्यांची सुरळी करून डाळीच्या मडक्याचं तोंड बंद केलं. माझ्या साहित्याचा एवढा सदुपयोग पुन्हा झाला नाही.

शिमग्याला दोन दिवस असताना मी पुण्यात पोचलो. दिग्दर्शकसाहेबांनी वाचलं, पान तोंडात तसंच धरून पुन्हा वाचलं, आणि फूट विचारले. मी म्हटलं, अकरा हजाराला दहा कमी. ते म्हणाले, ठीक. पण थोरल्या भावाचं काम करणारे आमचे नटवर्य बिथरले. रंगभूमीवरचा बुलंद आवाज, कंपनीनं त्यांना घेतलंच होतं आवाजासाठी. शेवटच्या प्रसंगात आपल्याला एकच शब्द आहे हे कळल्यावर ते म्हणाले, मुका उभा करायचा असेल तर पुरताच मुका उभा करा. तो एक शब्दही त्यांनी म्हटला नाही. तीनदा चित्रण झालं, तीनदा ओठ मिटलेले. चौथ्यांदा करायला फिल्म नव्हती. मी स्टुडिओच्या मागं जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. पाच हजार फूट मी राजीखुशीनं दिले होते. एक शब्द ठेवला होता, तोही गेला.

चित्र पुण्यात लागलं, बरं चाललं. नाव माझंच होतं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की शेवट काहीसा अपुरा वाटतो. मला पटलं.

पुढच्या साली सुगी आटोपल्यावर सोनईच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला आणि त्यात आमचं चित्र होतं. मी गावी गेलो. दिवेलागणीचा पहिला खेळ. जाताना गाडीला पाखऱ्या आणि हरण्या, गाडीत तात्या, चाचा, आई, चाची आणि मी. तंबूत मधे कापड बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली. पुरुषांच्या बाजूला आम्ही घोंगडी अंथरली. दोन्ही म्हाताऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमा बघितला. माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी तात्यांना दाखवायला वळलो, तर ते चंची सोडत होते. नाव येऊन गेलं. 

बाहेर इंजिन धडधडत होतं. लोक हसले, दुष्ट भावाला शिव्या दिल्या, गाण्याला पैसे फेकले. मग शेवटचं रीळ लागलं. पडद्यावर खळं आलं आणि तंबू एकदम सावरून बसला. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, रास खोटी हाय, खाली माती हाय. खरंच होतं, स्टुडिओत मातीच्या ढिगावर दोन पोती ज्वारी पसरली होती. पण त्यापुढं तेही गप्प झाले. थोरल्यानं ओंजळ भरली, बैलापुढं धरली. धाकटा राशीपाशी बसला, अधोली भरली, सपाट केली, वर उचलून धरली आणि थोरल्याकडं बघितलं. नटवर्यांचे ओठ मिटलेले. मी मान खाली घातली. आता ती रिकामी जागा येणार होती, माझ्या हातून गेलेल्या त्या शब्दाची.

“लाभ,” अंधारात कुणीतरी म्हणालं.

आवाज माझ्या डाव्या हाताकडून आला. तात्या पुढं झुकून बसले होते, पडद्याकडं बघत, हात गुडघ्यांवर. आपण मोठ्यानं बोललो हे त्यांना कळलंही नसावं. आणि मग चाचा म्हणाले, मग पुढच्या रांगेतलं कुणी, मग कापडाच्या पलीकडून बायका, सगळा तंबू, शंभर-दोनशे माणसं, हळू आवाजात, राशीवर म्हणतात तसं. लाभ. पडद्यावर अधोली रिकामी झाली. जणू सगळे म्हणेपर्यंत ती थांबली होती.

माझ्या तोंडात तुझं बोलणं घालू नको म्हणणाऱ्या तात्यांनी आपलं बोलणं माझ्या माणसाच्या तोंडात घातलं होतं. नंतरच्या आयुष्यात माझ्या संवादांना टाळ्या पडल्या, हार पडले, एकदोनदा जोडे पडायची वेळही आली. पण मी लिहिलेल्या चित्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नाही, हे मी कुणालाही आनंदानं सांगतो.

परतताना गाडीत मी विचारलं, कसं वाटलं. तात्या म्हणाले, बैल चांगला हुता. चाचांनी चंची पुढं केली, तात्यांनी चिमूट घेतली. हरण्याच्या पत्र्या वाटेवर वाजत होत्या आणि आई मागं चाचीला सांगत होती की ह्या गोष्टीत आधी एक मावशी हुती, लई चांगली हुती बिचारी.

आता पोत्यातनं हात काढायला हवा. नात मघापासून दारात उभी आहे, हातात वाटी घेऊन, ज्वारी डब्यात भरायला. तिला माहीत आहे की आत्ता बोलायचं नाही. तिनं वाटी भरली, तळहातानं सपाट केली आणि तशीच धरून माझ्याकडं बघत उभी राहिली.